‘भाऊगर्दी’ आणि ‘गर्दी का वक्त’

उज्जैनच्या फ्रीगंजमधील टावर चौकात सायंकाळची रेटारेटी पाहून मराठी माणूस सहज म्हणून जातो, ‘काय ही भाऊगर्दी!’ ताळतंत्र नसलेला जमाव, एवढाच अर्थ त्यास अभिप्रेत असतो. परंतु अव्यवस्थेचे शब्द कोठून जन्मास येतात हे पाहू लागले म्हणजे हा उद्गार तितका हलका राहत नाही.

इंग्रजीत विस्कळीत स्थितीला ‘सहा-सातांवर असणे’ म्हणतात. लंडनच्या दोन व्यापारी संघांतील सहाव्या-सातव्या मानाचा तंटा १४८४ मध्ये मिटला, त्यावरून हा वाक्प्रचार निघाला, अशी आख्यायिका आहे. पण तत्पूर्वीच, चौदाव्या शतकात, चॉसरच्या काव्यात तो आढळतो. त्यामुळे त्याचे मूळ फाशांच्या खेळात शोधले जाते.

आपला शब्द मात्र रणांगणातून आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या भोवती जी निकराची झुंज माजली, तिचे हे नाव होय. मोल्सवर्थच्या कोशातही हा संबंध नोंदलेला आहे. येथे ‘गर्दी’ म्हणजे नुसता जमाव नव्हे, तर दंगल, उलथापालथ. १८५७ च्या उठावास ‘शिपाईगर्दी’ म्हटले गेले ते याच अर्थाने. हिंदीतील ‘गुंडागर्दी’त तो अद्याप जिवंत आहे.

माळव्यात हाच शब्द निराळ्या प्रसंगी रुळला. १८१८ पूर्वीच्या धामधुमीच्या वर्षांना तेथील रहिवासी ‘गर्दी का वक्त’ म्हणत, असे जॉन माल्कम आपल्या १८२३ च्या ग्रंथात सांगतो. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन येथे शिंद्यांच्या पलटणींचा पाडाव केला. ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचे उट्टे काढले. पुढे पेंढाऱ्यांनी खेडी उजाड केली. माल्कम तटस्थ नव्हता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास तो होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला होता, आणि अराजकाच्या वर्णनात कंपनीच्या राज्याचे समर्थन दडलेले होते. तथापि शब्द त्याचा नव्हे, रयतेचा आहे.

तात्पर्य, मराठ्यांनी जे सोसले आणि मराठी फौजांनी इतरांस जे सोसावयास लावले, त्या दोहोंची साक्ष हा एकच शब्द देतो. पानिपतचे दुःख आपण कथा-कादंबऱ्यांतून जतन केले. माळव्यातील रयतेचे दुःख त्या मानाने विस्मृतीत गेले. उज्जैनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांकडे हे दोन्ही वारसे आहेत. इतिहास लिहिणाऱ्याने त्यांपैकी सोयीचा तेवढाच उचलू नये.