लाल तेलाची साक्ष

अमेरिकेत निसान पाथफाइंडर म्हणजे संसारी माणसाची गाडी. मागे मुलं, त्यांच्या मागे सामान, वर जमलं तर सायकली. २००५ ते २०१० या काळात बनलेल्या काही पाथफाइंडरांचे मालक पुढे एकसारखीच तक्रार घेऊन गॅरेजात यायला लागले. गाडी एका ठरावीक वेगाला पोचली की रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते, रस्ता मात्र गुळगुळीत. टायर बदलले, बॅलन्सिंग झाले, थरथर जाईना. मग एखाद्या जाणत्या मेकॅनिकने गिअरबॉक्सचे तेल काढून पाहिले. ते असायला हवे कोकम सरबतासारखे, लाल आणि आरपार दिसणारे. बाटलीत पडले ते घट्ट, गुलाबी, दुधाळ. मालकांनी आणि मेकॅनिकांनी त्याला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ असे नाव ठेवले.

हा मिल्कशेक रेडिएटरमध्ये तयार होत होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल फार तापते, म्हणून ते नळीवाटे रेडिएटरच्या पोटातल्या एका छोट्या कूलरमधून फिरवून थंड करतात. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे कूलंट, मध्ये धातूची पातळ भिंत. ती भिंत फुटली की कूलंट तेलात शिरते. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांवर घर्षणासाठी जे अस्तर चिकटवलेले असते ते मुख्यतः कागदी धाटणीचे असते. हे ऐकून नव्या माणसाचा विश्वास बसत नाही, पण दोन टनांची गाडी त्या कागदाच्या जोरावर घाट चढते. कूलंटमधले पाणी आणि ग्लायकॉल त्याचा डिंक सोडवतात. म्हणजे दोष रेडिएटरचा आणि मरण गिअरबॉक्सचे. तेल काढून न पाहता नुसता गिअरबॉक्स बदलला, तर नवाही त्याच रोगाने जाणार.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या निदानाचा इतिहास बराचसा या तेलाचाच इतिहास आहे. कारण या पेटीत तेल चार कामे करते. वंगण आहेच. ते उष्णता वाहून नेते, दाबाने क्लच आवळते, आणि इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवण्याचे पहिले कामही तेच करते. ही शेवटची युक्ती मोटारींच्या आधी जहाजांची. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये स्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात असताना तिचे पेटंट घेतले. स्टीम टर्बाइन भलत्या वेगाने फिरे, पंखा तेवढ्या वेगाने फिरवून चालत नसे. मध्ये द्रव ठेवून त्याने दोघांची सोयरीक जुळवली.

मोटारीत ती रुजवली जनरल मोटर्सने. गिअर न करकरता पडावा म्हणून सिंक्रोमेशची रचना करणारा अर्ल थॉम्पसन याच्याच हाताखालच्या चमूने ‘हायड्रामॅटिक’ तयार केला. १९३९ मध्ये तो जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत ५७ डॉलर जादा भरून मिळू लागला. क्लचचे पेडल गायब. पुढे युद्धात हाच गिअरबॉक्स एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसला, दोन कॅडिलॅक इंजिनांच्या जोडीला दोन. युद्ध संपल्यावर कंपनीने ती लढाईतली कामगिरी जाहिरातीत मिरवली नसती तरच नवल.

त्यात ना कॉम्प्युटर होता, ना वायरी. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा एक दाब आणि ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारा दुसरा, या दोघांची एका छोट्या व्हॉल्व्हच्या दोन टोकांना रेटारेटी चाले. वेगाचा दाब जिंकला की व्हॉल्व्ह सरके, वरचा गिअर पडे. हे सगळे घडे वारुळातल्या बोगद्यांसारखी नागमोडी वाट कोरलेल्या एका धातूच्या ठोकळ्यात. एखाद्या बोगद्यात कचऱ्याचा कण अडकला की गाडी दुसऱ्या गिअरातच रुतून बसे.

बाहेरून यातले काहीच दिसत नाही. साधा गिअरबॉक्स बिघडला तर दांडा हातात असतो. दात खाल्ले की करकर येते, क्लच घसरला की कळते. बंद पेटीत मात्र आत काय चालले आहे ते लक्षणांवरूनच ओळखायचे, वैद्याने नाडी पाहावी तसे. यातूनच निव्वळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करणाऱ्यांचा वेगळा धंदा उभा राहिला. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांची संघटनाही निघाली.

या लोकांनी घडवलेली निदानाची रीत अस्सल तर्कशास्त्राची होती. क्रायस्लरने १९५६ मध्ये आणलेला ‘टॉर्कफ्लाइट’ घ्या. हॉवर्ड सिम्पसन या अभियंत्याने जुळवलेल्या गिअरांच्या जोडीवर तो चाले. त्यात पुढचा क्लच लागतो तो तिसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सला. मागचा क्लच पुढे जाणाऱ्या सगळ्या गिअरांना. दुसऱ्या गिअरसाठी ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा वेगळा. आता गाडी पहिल्या-दुसऱ्यात छान उठते, तिसरा पडला की इंजिन नुसतेच ओरडते आणि रिव्हर्सलाही तीच रड, तर गुन्हेगार पुढचा क्लच. एकही नट न उघडता! मेकॅनिक भिंतीवर हे कोष्टक लावून ठेवत आणि गाडी चालवून आल्यावर त्यावर बोट फिरवत.

त्यापुढची पायरी स्टॉल टेस्ट. हँडब्रेक ओढायचा, पायाचा ब्रेक गच्च दाबायचा, ‘डी’मध्ये टाकून ॲक्सिलरेटर तळाला न्यायचा आणि इंजिन किती फेऱ्यांवर अडकते ते पाहायचे. पाच सेकंदांच्या वर नाही, नाहीतर तेल उकळायला लागते. आकडा ठरलेल्यापेक्षा वर गेला तर आतले क्लच घसरतायत. खाली राहिला तर इंजिनातच दम नाही किंवा इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधला एकमार्गी क्लच गेला. (समोर भिंत किंवा माणूस असताना ही परीक्षा कोणी घेत नाही.) मग गेज लावून तेलाचा दाब. आणि सगळ्यांच्या आधी, अगदी फुकटात, डिपस्टिक: तेल पांढऱ्या फडक्यावर टेकवायचे, रंग पाहायचा, नाकाशी न्यायचे. करपलेला वास आला, फडक्यावर काळे डाग उमटले, तर अस्तरे जळाली.

निदानापूर्वीचा प्रश्न वेगळाच: आत आहे तरी कोणता गिअरबॉक्स? १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला हायड्रामॅटिकचा कारखाना जळून खाक झाला. लोखंड कापणाऱ्या गॅसच्या ठिणग्या तेलाच्या पन्हळीत पडल्या, एवढे निमित्त. गाड्यांचे उत्पादन थांबवणे परवडेना, म्हणून काही काळ कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिलमध्ये ब्युइकचा डायनाफ्लो बसवून गाड्या विकल्या गेल्या. नाव एकाचे, आतडी दुसऱ्याची. तेव्हापासून आजवर मेकॅनिक गाडीच्या नावावर विसंबत नाही. खाली वाकून तेलाच्या चेंबरचा आकार पाहतो आणि गिअरबॉक्स ओळखतो.

बंद पेटी लबाडीलाही सोयीची. गिऱ्हाइकासमोर चेंबर उघडायचे, तळाच्या चुंबकावरचा राखाडी लेप बोटावर घेऊन दाखवायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, साहेब, आतून सगळा संपलाय. प्रत्यक्षात तेवढा भुगा पकडायलाच कारखान्याने तो चुंबक ठेवलेला असतो. लेप मऊ असेल तर बहुधा चिंता नाही. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर आहे. अमेरिकेत या ‘चुऱ्याच्या’ युक्तीने इतके लोक नाडले गेले की सरकारी खात्यांना लक्ष घालावे लागले. कॅलिफोर्नियाने १९७१ च्या कायद्याने वाहनदुरुस्तीवर देखरेख करणारे खातेच उभे केले, आणि ‘रीबिल्ट’ गिअरबॉक्स कशाला म्हणायचे याची व्याख्याही नियमात घालून दिली.

याच सुमारास तेलावर एक अजब संकट आले. ऑटोमॅटिकच्या तेलात क्लच ना फार झटक्याने धरावा ना फार घसरावा यासाठी एक घटक घालत, तो स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलापासून केलेला असे. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि तो पुरवठा आटला. जनरल मोटर्सचे बिनमाशाचे नवे तेल १९७३ च्या आसपास आले. त्याने रेडिएटरमधल्या कूलरचे डाख खायला सुरुवात केली. कूलरला भोके, कूलंट तेलात, गिअरबॉक्स बाद. गंजरोधक घालून तेल पुन्हा बदलावे लागले. पाथफाइंडरचा मिल्कशेक तीस वर्षे आधीच एकदा ढवळून झाला होता.

मग आला कॉम्प्युटर. क्रायस्लरने १९८९ मध्ये आपल्या कौटुंबिक मिनीव्हॅनना पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक ताब्यातला चार गिअरांचा बॉक्स दिला. काही बिनसले की तो दुसऱ्या गिअरात अडकून राहायचा, गाडी लंगडत का होईना घरी पोचावी म्हणून. तक्रारींचा पाऊस पडला. त्यातला एक भाग निव्वळ तेलाचा होता. बॉक्सला हवे होते कंपनीचे स्वतःचे तेल, पण ते नसल्यास बाजारातले डेक्सरॉन चालेल, असे गाडीबरोबरच सांगितलेले. लोकांनी ते विश्वासाने घातले, आणि क्लच थरथरू लागले. कागदी अस्तराला कोणते तेल मानवते हे अस्तराला ठाऊक असते, सूचना लिहिणाऱ्याला नसते.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला निदानाचे एकाच जातीचे सॉकेट सक्तीचे झाले. भारतात ही व्यवस्था बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून पूर्णपणे लागू झाली. आता गॅरेजात पहिला शब्द ‘स्कॅनर लाव’. पण पी-०७०० हा कोड एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी म्हणायचे आहे, त्यालाच विचारा. पी-०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही: आत येणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या आणि बाहेर जाणाऱ्याच्या फेऱ्या मोजल्या, भागाकार केला, अपेक्षित आकडा आला नाही. क्लच घसरला म्हणून, की मोजणारा सेन्सरच खोटा बोलतो म्हणून, की तेल कमी आहे म्हणून, हे कोड सांगत नाही. कोड वाचून भाग बदलणारा आणि कोड वाचून विचार करणारा, यांच्या बिलांत मोठा फरक पडतो.

डोळ्याने पाहण्याला पर्याय नसतो हे होंडाने २००४ च्या एप्रिलमध्ये दाखवून दिले. पायलट आणि ॲक्युरा एमडीएक्स या एसयूव्ही, ओडिसी व्हॅन आणि इतर काही मिळून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुसऱ्या गिअरच्या चाकांना पुरेसे तेल पोचत नव्हते; ती तापत, दात तुटण्याची भीती असे. ज्या गाड्या १५,००० मैलांच्या आत होत्या त्यांना तेलाचा जादा फवारा बसवून दिला. त्यापुढच्या गाड्यांत आधी गिअर तपासायचा होता, आणि परीक्षा कसली, तर रंगाची. पोलाद तापून गेले असेल तर त्यावर रंग चढतो. रंग बदललेला दिसला की गिअरबॉक्स बदलायचा, नाही तर फवारा पुरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा लोहार हेच करत होता.

महाराष्ट्रात या विद्येची गरज उशिरा पडली. नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओत २००८ मध्ये सहा गिअरांचा ऑटोमॅटिक आला, तो ऑस्ट्रेलियातल्या डीएसआय कंपनीचा. पुढच्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली आणि चीनच्या जीलीने विकत घेतली. चाकणच्या एक्सयूव्ही ५०० मध्ये २०१५ साली जपानच्या आयसिनचा बॉक्स आला, रांजणगावच्या जीप कंपासमध्ये जर्मन झेडएफचा नऊ गिअरांचा, पुण्याच्याच टाटा हॅरियरमध्ये २०२० साली ह्युंदाईचा. दरम्यान २०१४ च्या सेलेरिओने स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ घरोघरी नेली, पण तिच्या पोटात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मात्र यंत्राचे हात. तिथे लाल तेल शोधणे व्यर्थ. म्हणून मुंबई-पुण्याच्या गॅरेजात गाडी झटके देते असे कोणी सांगितले की १९५३ चाच प्रश्न आधी येतो: आत कोणता आहे?

फोक्सवॅगनच्या दोन कोरड्या क्लचच्या सात गिअरी बॉक्सने तर तेलाची कहाणी नव्याने सांगितली. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्यातल्या सिंथेटिक तेलामुळे इलेक्ट्रॉनिक भागात शॉर्टसर्किट होई आणि गाडीचा दम जाई. २०१३ मध्ये कंपनीने जगभरच्या गाड्या बोलावून ते तेल काढले आणि साधे मिनरल तेल भरले.

आणि आता बऱ्याच नव्या गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिकच नाही. तेल जन्मभराचे आहे, हात लावू नका, असे काही मोटार कंपन्या सांगतात. बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदला म्हणते. ज्याने पेटी बनवली त्याचे ऐकलेले बरे. पातळी तपासायला गाडी लिफ्टवर अगदी सपाट उचलावी लागते, इंजिन चालू ठेवावे लागते, आणि स्कॅनरवर तेलाचे तापमान ठरलेल्या मर्यादेत आले की खाली उभ्या मेकॅनिकने बाजूचा बोल्ट सोडायचा. धार लागली तर तेल जास्त, काहीच आले नाही तर कमी. बारीक तार सुटून थेंबांवर आली की बोल्ट आवळायचा. त्या आधी तो एक थेंब बोटावर घेतो, उजेडात धरतो आणि वास घेतो.