भोगवर्धनचा व्यापार आणि नाणेघाट : एक पुनर्विचार

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगराच्या रहिवाशांचे उल्लेख आढळतात. १९७० च्या दशकातील उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी तिचे निकटचे साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. अर्थात तत्पूर्वीच अशा वस्तू समुद्रापार पोहोचल्या होत्या.

हा माल किनाऱ्याला कोणत्या वाटेने उतरत असे? या संदर्भात प्रायः नाणेघाटाचे नाव घेतले जाते. जुन्नरजवळ सह्याद्रीचा कडा फोडून काढलेली ही दगडी वाट दाट रानातून व ओढ्यांच्या घळींतून कोकणात वैशाखऱ्याकडे उतरते. पुढे कल्याण बंदर. माथ्यावरील दगडी रांजणात जकात जमा होई, असे सांगितले जाते. तेथील लेण्यातील सातवाहन लेखाच्या उपलब्ध भागात मात्र यज्ञ व दक्षिणा यांचीच यादी आहे, हे सहसा विसरले जाते.

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार पैठण व तगर (तेर) येथील माल गाड्यांतून भडोचला जाई आणि कल्याणला आलेली ग्रीक जहाजेही पहाऱ्यात तिकडेच नेली जात. जुन्नरला क्षहरात नहपानाच्या अमात्याचा लेख आहे. तेव्हा घाटमाथाही काही काळ सातवाहनांच्या हातून गेलेला होता. घाटाची रहदारी चढउतारापेक्षा सत्तेवर अधिक अवलंबून असे. शिवाय भोकरदन पैठणच्या उत्तरेस, उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. त्यामुळे येथील हस्तिदंती कामाची निर्यात नाणेघाटापेक्षा भडोचमार्गे झाली असण्याचा संभव अधिक वाटतो.