तीन मुलखांची सफर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

जंगलाच्या सहलीला आता आपण सगळेच ‘सफारी’ म्हणतो. नांदेड-लातूरकडची मंडळीही हल्ली गटाने केनिया-टांझानियाला जातात, सिंह-हत्ती पाहून येतात आणि फोटो दाखवतात. हा शब्द स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीत तो अरबीतून गेला. मूळ शब्द ‘सफर’. म्हणजे जो शब्द निजामाच्या राज्यात आपल्या आजा-पणजांच्या कानावर रोज पडत होता, तोच आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन, इंग्रजांच्या हाती लागून, नवा पोशाख घालून आपल्याकडे परत आला. शब्दाचा प्रवास मोठा खरा, पण मला आज वेगळ्याच प्रवासाविषयी बोलायचे आहे. एकाच सहलीत शेजारशेजारचे दोन-तीन देश करायचे, प्रत्येकाचा परवाना वेगळा, चलन वेगळे, नाका वेगळा, हा आफ्रिकेच्या सफारीतला खटाटोप शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या किनवटच्या जंगलात जाणाऱ्यालाही चुकलेला नव्हता.

त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पैनगंगेच्या दक्षिणेला निजामाचे हैदराबाद संस्थान. नांदेड हा त्याचा जिल्हा. किनवट मात्र नांदेडात नव्हते, ते आदिलाबादेत होते. उत्तरेला वऱ्हाड. आणखी पूर्वेला, जिथे पैनगंगा वर्धेला मिळते, तिथून पुढे पलीकडच्या काठाला मध्य प्रांताचा चांदा जिल्हा आणि अलीकडे निजामाचे राजुरा. जंगल सलग, सागाचे आणि बांबूचे. त्यातून रेघा मात्र तीन राज्यकारभारांच्या गेलेल्या.

यातली वऱ्हाडची रेघ तर मोठी गमतीची. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी जी फौज उभी केली होती, ती हैदराबाद कंटिंजंट. आपल्या हिंगोलीला तिची छावणी होती. तिचा खर्च थकला म्हणून १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२मध्ये लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यावर घेतला आणि १९०३मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. मालकी मात्र कागदावर निजामाचीच राहिली. म्हणजे पैनगंगेचे दोन्ही काठ कायद्याने एकाच धन्याचे, पण या काठावरचा फौजदार त्या काठावर गेला की परका. नदी तर उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पायी ओलांडता येते.

आता अशा मुलखात कुणाला शिकारीची सफर आखायची असेल (तेव्हा जंगल बघायला जाणे म्हणजे शिकारीलाच जाणे), तर काय काय करावे लागे? आधी कालगणना जुळवायची. शिकारीचा हंगाम एप्रिल-मेचा, कारण तेव्हा पाणी आटते आणि जनावर मोजक्या डोहांवर येते. पण निजामाच्या कचेरीत एप्रिल-मे नव्हते. तिथे फसली सन आणि त्याचे खुर्दाद, तीर हे महिने. अर्ज त्या तारखांनी करायचा आणि तोही उर्दूत. नदीपलीकडच्या कचेरीत इंग्रजी तारीख आणि इंग्रजी अर्ज. मध्य प्रांतात सरकारी जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक मिळाला की तेवढ्यातच फिरायचे. निजामाकडे परवानगी वरून यावी लागे, आणि ओळख असल्याशिवाय ती सहसा येत नसे.

मग पैसा. हैदराबादचा हाली सिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार, असा हिशोब. किनवटच्या गाडीवानाला हाली द्यायचे आणि उमरखेडच्या वाण्याला कलदार. टपालाचेही तसेच: निजामाचे तिकीट निजामाच्या मुलखापुरते. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथे मालावर जकात. ‘करोडगिरी’ हा शब्द मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडून तुम्ही ऐकला असेल. बंदूक आणि काडतुसे असली म्हणजे दोन्ही बाजूंना कागद दाखवायचे, हे वेगळे सांगायला नकोच.

प्रवासाची सोय तेव्हा नवीच होती. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटर गेज १९०० सालाच्या सुमारास सुरू झाली आणि नांदेड रेल्वेच्या नकाशावर आले. पूर्णेहून हिंगोलीचा फाटा १९१२चा. लातूरला १९११मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोचली. तिने लातूर बाजारपेठ म्हणून वाढवले, पण जंगलाकडे जाणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता, ती कुर्डुवाडीच्या दिशेची. लातूरकडे तसेही दाट जंगल नाही. बालाघाटच्या पठारावर शेते आणि माळ. तिथली शिकार म्हणजे काळवीट, माळढोक, तितर. मोठे जनावर हवे तर नांदेडला उतरून पुढे बैलगाड्यांनी किनवटची वाट धरायची. तंबू, राहुट्या, रसद, पाण्याच्या पखाली असा सगळा लवाजमा बरोबर.

या सफरींची वर्णने साहेबांनी भरपूर लिहून ठेवली आहेत. कंटिंजंटमध्ये नोकरी केलेल्या रेजिनाल्ड बर्टन या अधिकाऱ्याचे दख्खनमधल्या शिकारीवरचे पुस्तक १९२८मध्ये निघाले. त्याआधी सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खानाच्या शिकारी गाजल्या. राजा दीनदयाळांनी काढलेली त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड १८९३मध्ये हैदराबादचा पाहुणा म्हणून येऊन शिकार करून गेला. पुढे १९१४मध्ये साराजेव्होत ज्याचा खून झाला आणि पहिले महायुद्ध पेटले, तोच हा. कर्झनचाही वाघाशेजारी उभा राहिलेला फोटो हैदराबाद संस्थानातलाच.

मात्र ही वर्णने वाचताना मला एक गोष्ट खटकत राहते. रेडकू कुठे बांधायचे, वाघ कोणत्या नाल्याने उतरेल, मचाण कोणत्या झाडावर बांधले तर वारा आड येणार नाही, हे साहेबाला कोण सांगत होते? गोंड, कोलाम, आंध. हाकारा घालायला शे-दोनशे माणसे उन्हात कोण चालत होती? हीच माणसे, आणि पुष्कळदा वेठीने. जखमी वाघ उलटला तर सापडणारे तेच. पुस्तकांत त्यांची नावे क्वचितच येतात. बंदुकीचा बनावटीसह तपशील मात्र पानभर येतो. सफर आखणारा दिसतो, ती पार पाडणारा दिसत नाही.

बंदूक बाजूला ठेवून पाहिले तर त्याच संस्थानात आणखी एक सफर झाली, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. सलीम अलींनी १९३१-३२मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. ते नमुन्यासाठी पक्षी टिपत, हे खरे. त्या काळी शास्त्राची रीतच ती होती. पण त्यांनी मारलेल्या पक्ष्यांपेक्षा टिपलेल्या नोंदी जास्त मोलाच्या. ती पाहणी १९३३-३४मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. पुढच्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये येऊन राहिला आणि १९४८मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. किनवट तेव्हा आदिलाबादेतच असल्यामुळे आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या गोंडांविषयी काही वाचायचे तर आजही ‘आदिलाबाद’ नावाखालीच शोधावे लागते.

१९४८मध्ये संस्थान विलीन झाले. नाके उठले, हाली सिक्का काही वर्षांनी गेला. जंगलाच्या दृष्टीने मात्र तो काळ वाईट आला. संस्थानी परवानगीचा अडसर गेला आणि तिच्या जागी दुसरे कडक बंधन आले नाही. जीप आली, प्रखर दिवे आले. मचाणावर रात्र काढण्याची गरज उरली नाही. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती १९७०मध्ये आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२मध्ये. मधल्या वीस-बावीस वर्षांत किती जनावर गेले, ते आता कोण मोजणार? निजामाची राजवट चांगली होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. वेठ काढणाऱ्या राजवटीला चांगले कोण म्हणेल? पण जंगल वाचले होते ते बरेचसे तिथे पोचणे कठीण होते म्हणून, कुणाच्या प्रेमामुळे नव्हे.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत भाषेप्रमाणे वाटणी झाली. किनवट आदिलाबादेतून नांदेडला आले. राजुराही आधी नांदेडला आणि १९५९मध्ये चांद्याला गेले. मुधोळ तिकडे गेले. माणसांसाठी हे योग्यच झाले. जंगलाच्या वाट्याला मात्र जुन्या रेघेऐवजी नवी रेघ आली. पूर्वी रेघ पैनगंगेवर होती, आता ती किनवटच्या दक्षिणेला सरकली. पैनगंगा अभयारण्य पुढे जाहीर झाले, यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून. शेजारचे टिपेश्वर १९९७मध्ये. पलीकडचा कवाल व्याघ्रप्रकल्प २०१२मध्ये झाला; तो आता तेलंगणात.

परवानग्यांचा हा घोळ आपल्याच नशिबी आहे असे नाही. केनियातले मसाई मारा आणि टांझानियातले सेरेंगेटी हे एकच गवताळ रान. विल्डबीस्टचे लाखोंचे कळप दरवर्षी या देशातून त्या देशात जातात. पण दोन देशांचे बिनसले आणि १९७७मध्ये सरहद्द बंद झाली. पुढे ती उघडली, तरी या दोन रानांमधला थेट रस्ता पर्यटकांना मिळाला नाही. त्यांना वळसा घालून दुसऱ्या नाक्यावरून जावे लागते. कळप मात्र सरळ जातात. दक्षिणेकडे अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी २०११मध्ये करार करून एक सलग वन्यजीव क्षेत्र मानले आणि २०१४पासून झांबिया-झिंबाब्वेसाठी एकच व्हिसाही सुरू केला. पाच स्वतंत्र देशांना जे सुचते, ते एका देशातल्या दोन राज्यांना सुचायला एवढा वेळ का लागावा?

कारण आपल्याकडेही जनावर सरळच जाते. टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला २०१९मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो जूनमध्ये निघाला आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असे जिल्हे ओलांडत, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते पार करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. पाच हजारांवर ठिकाणी त्याची नोंद झाली. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनवटकडचा आणखी एक वाघ आदिलाबाद आणि निर्मल जिल्ह्यांत फिरत राहिला. वनखात्याचे म्हणणे, तो जोडीदारीण शोधत होता. त्याच वर्षी डिसेंबरात टिपेश्वरचाच एक वाघ धाराशिवजवळ येडशी-रामलिंगच्या कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळहून येडशीला यायचे तर मराठवाड्याचे दोन-तीन जिल्हे तुडवल्याशिवाय येता येत नाही. वाघ बहुधा रात्रीच चालले असतील. ज्यांच्या तुरीतून ते गेले, त्यांतल्या पुष्कळांना ते कळलेही नसेल.

तेव्हा कुणी मला विचारले की सफारी कुठली करावी, तर मी अशी आखून देतो. नांदेडहून निघा, इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा पाहा. किनवटला मुक्काम करा आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या गोंड माणसाला जंगलाचा रस्ता विचारा. मजुरी द्या, आणि त्याचे नाव तुमच्या वहीत लिहून घ्या. मग पांढरकवड्याकडे जाऊन सुन्ना फाटकातून टिपेश्वर. पुढे आदिलाबाद, उटनूरवरून जन्नारमला, म्हणजे कवालच्या जंगलात. पावसाळ्यात फाटके बंद असतात. एप्रिल-मे बरा, ऊन सोसत असेल तर. तीन-चार दिवस पुरतात. मात्र महाराष्ट्रातले आरक्षण वेगळे करायचे आणि तेलंगणातले वेगळे.