पाच म्हणजे तीन आणि दोन

भीमेवरच्या उजनी धरणाचे काम 1969 साली सुरू झाले आणि 1980 साली पूर्ण झाले. उन्हाळा आला की माढा, करमाळा भागातल्या काठच्या गावांत एकच आकडा कानी येतो: ‘उजनी उणे वीस’, ‘उणे तीस’. डोळ्यांसमोर पाणी दिसत असताना ते उणे कसे?

या जलाशयाचा एकूण साठा सुमारे 117 अब्ज घनफूट आहे. त्याचे दोन भाग केले आहेत: सुमारे 63.66 मृत साठा आणि 53.57 उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याच्या मानाने. तो संपून मृत साठ्यातले पाणी वापरात आले की आकडा उणे होतो. ‘उणे 50’ म्हणजे मृत साठ्यातले सुमारे 27 गेले, 37 उरले. संख्या भागांची बनलेली असते हे ज्याला उमगले, त्यालाच ही बातमी कळते. पण हे उमगण्याची सुरुवात 117 पासून होत नाही, ती चार-पाचपासून होते.

आपल्याकडे हे शिकण्याची जुनी जागा म्हणजे घराची ओसरी. अष्टाचंगा आठवून पाहा. चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके टाकायचे. एक उताणा तर तीन पालथे, दोन उताणे तर दोन पालथे. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. चार ही संख्या किती प्रकारे फुटते, हे मूल पाटी हाती येण्याआधीच पाहत असे. धान्याची मापेही तशीच होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली.

पंतोजींच्या शाळेत मात्र भर पाठांतरावर होता. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, पुढे औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. सोळा आण्यांच्या रुपयाला आणि शेर-पायलीला ते उपयोगी पडे. 1 एप्रिल 1957 पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि 1962 पर्यंत किलोग्रॅम, लिटर रूढ झाले. हिशेब सोपा झाला हे खरेच, पण निम्मे-पाव करत संख्या फोडण्याचा घरगुती सराव त्याबरोबर मागे पडला.

युरोपात 1842 साली ग्रुबे या जर्मन शिक्षकाने एक पद्धत मांडली. पहिल्या वर्षी दहापर्यंतच जायचे आणि पाच सर्व प्रकारे जोडून-फोडून झाल्याशिवाय सहाकडे वळायचे नाही. कल्पना चांगली होती, पण तिचा अतिरेक झाला आणि ती कंटाळवाणी ठरली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला काम केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे अशा परिसरातल्या वस्तूंना त्यांनी साधनांचे स्थान दिले.

2019 साली इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा बरीच टीका झाली. पण अडचण खरी होती. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन आधी येतात. ‘एकोणतीस’ तर तीसमधून एक काढून बनतो. संख्येचे भाग आधी हाताला माहीत असतील, तर या नावांचा गोंधळ मुलाला फार छळत नाही.

आपल्या वर्गात एवढे करून पाहा. पाच चिंचोके मुलाला मोजायला द्या. मग काही मुठीत झाका आणि दोन बाहेर ठेवा. मुठीत किती, असे विचारा. मूल बोटांवर एकपासून मोजू लागले, तर त्याला मोजणी येते, पाच अजून आलेले नाहीत. त्याला आणखी खेळू द्या, घाई नको. पाहताक्षणी ‘तीन’ म्हणाले, तर वजाबाकी त्याला निम्मी आलीच. हे न जमलेल्या मुलाला आपण हातच्याची वजाबाकी शिकवायला घेतो आणि ‘याला गणित येत नाही’ असा शिक्का मारतो. तो शिक्का पुढे कित्येक वर्षे पुसला जात नाही.