बुळकांडी गेली, कुणाला कळलंही नाही

२८ जून २०११ रोजी रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं एक घोषणा केली. गुरांचा एक रोग पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला आहे, अशी ती घोषणा होती. माणसानं मुळासकट उपटून टाकलेले रोग आजवर फक्त दोन. पहिला देवीचा, तो गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. दुसरा हा. इंग्रजीत त्याला रिंडरपेस्ट म्हणतात. आपल्याकडे तो बुळकांडी या नावानं ओळखला जाई. त्या दिवशी कुठं पेढे वाटल्याचं मी तरी ऐकलं नाही. देवी गेली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, बुळकांडी गेली हे मात्र बैलजोडी बाळगणाऱ्यांपैकीही कितीकांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

शब्द तेवढा मागं उरला. लहानपणी आमच्यापैकी कुणाचं पोट बिघडलं की नानी म्हणायची, 'बुळकांडी लागली जणू!' तिच्या तोंडी ती थट्टा होती. तिच्या वडिलांच्या पिढीला मात्र या शब्दानं घाम फुटत असणार.

रोगाची चाल अशी. जनावराला एकाएकी सणकून ताप भरतो. डोळ्यानाकातून पाणी गळू लागतं, तोंडात फोड येतात, वैरण सुटते. मग दुर्गंधीचे पातळ हगवण सुरू होतात आणि आठदहा दिवसांत जनावर आडवं होतं. आज एक, उद्या शेजारचं, आठवड्यात सगळा गोठा. ज्या काळात नांगर, मोट, गाडी, खळं सगळं बैलाच्या खांद्यावर होतं, त्या काळात गोठा रिकामा होणं म्हणजे पुढचं वर्ष उपाशी जाणं. पाऊस वेळेवर पडून उपयोग काय, पेरणार कशानं?

हे किती टोकाला जाऊ शकतं ते आफ्रिकेनं पाहिलं. १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेसाठी मसावा बंदरात गुरं उतरवली गेली. ती हिंदुस्थानातून आली होती असं अनेक इतिहासकार मानतात. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली आणि दहा वर्षांत त्या खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. इथिओपियातली बहुतेक गुरं मेली. पाठोपाठ दुष्काळ आला आणि देशातली एक तृतीयांश माणसं त्यात गेली, असा अंदाज सांगितला जातो. रोग गुरांचा होता. माणसाला तो होतच नाही. तरीही माणसं मेली.

आपल्याकडे हा रोग जुना, जवळजवळ घरचाच. तो यायचा तेव्हा लोक विचारत: हे कुणी केलं? माझ्या मते या रोगाच्या इतिहासातला सगळ्यांत गंभीर प्रश्न हाच आहे. एक उत्तर होतं, देवीचा कोप. मग गावाच्या शिवेवर नैवेद्य ठेवायचा, गाडा ओढून रोगराई पुढच्या गावाच्या हद्दीत लोटायची. दुसरं उत्तर याहून वाईट होतं. कुणीतरी विष घातलं. कुणी? मेलेल्या जनावराचं कातडं ज्याला मिळतं त्यानं. उत्तर हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रज पोलिसांच्या दप्तरात गुरांवरच्या विषप्रयोगाची प्रकरणं दिसू लागतात. त्यांत संशयित म्हणून चांभार समाजाची माणसं पुन्हा पुन्हा येतात. सोमल घालून जनावरं मारण्याचे प्रकार मुळीच होत नव्हते असं नाही. पण साथीत गुरं पटापट मरत असताना ज्याच्या वाट्याला कातडं येतं त्याच्याकडे बोट दाखवणं फार सोपं होतं. गावगाड्यानं मेलेली गुरं ओढण्याचं काम ज्याच्या गळ्यात बांधलं, साथ आली की संशयही त्याच्याच गळ्यात.

आणि त्याच्या ताटात ते मांसही. बुळकांडीचं मांस खाऊन माणसाला बुळकांडी होत नाही; पण काळपुळीनं मेलेल्या जनावराचं मांस हाताळलं किंवा खाल्लं तर माणसाच्या जिवावर बेततं. गावात दोन्ही जनावरं शेजारी शेजारी मेलेली असत. कुठलं कशानं मेलं हे कोण सांगणार? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडा असं आपल्या लोकांना बजावलं. ते स्वाभिमानासाठी सांगितलेलं होतं. आरोग्याच्या दृष्टीनंही ते तितकंच खरं होतं.

'कुणी केलं' या प्रश्नाला शास्त्राकडून पहिलं धड उत्तर मिळालं ते १८७१ साली. सरकारनं नेमलेल्या आयोगाचा गुरांच्या साथींवरचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. आयोगाचे अध्यक्ष हॅलन हे मुंबई इलाख्याच्या लष्करातले पशुवैद्य होते. इथल्या गुरांची मोठी मरी आणि युरोपातली रिंडरपेस्ट एकच, असा निर्वाळा आयोगानं दिला. मग उपायही युरोपातलाच करावा का? ब्रिटननं १८६५-६६ च्या साथीत आजारी गुरं मारून, पुरून, बाजार बंद करून रोग हटवला होता. हिंदुस्थानात गोठेच्या गोठे मारायला निघालात तर काय होईल, हे राज्यकर्त्यांना कुणी सांगायला नको होतं. राहिला एकच रस्ता: जनावराला आतूनच बळकट करायचं.

त्यासाठी प्रयोगशाळा हवी होती. ती निघाली आपल्या पुण्यात. १८८९ च्या डिसेंबरात कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड माणसांचे डॉक्टर होते, गुरांचे नव्हेत. पण इतक्या झपाट्यानं पसरणाऱ्या रोगाचे जंतू भरवस्तीत बाळगणं म्हणजे गवताच्या गंजीशेजारी चूल मांडणं. म्हणून १८९३ साली हे बिऱ्हाड कुमाऊंच्या डोंगरात, साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला हललं. भोवती जंगल, खाली दऱ्या, गावं दूर. पुण्याच्या हातून एक मोठी संस्था गेली खरी, पण गेली ते बरंच झालं.

१८९७ साली तिथं रॉबर्ट कॉख येऊन गेले. क्षयाचा जंतू शोधणारे तेच. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बुळकांडीवर प्रयोग करत असताना त्यांना मुंबईच्या प्लेगसाठी इकडे धाडण्यात आलं आणि मुंबईहून ते मुक्तेश्वरला गेले. बुळकांडीनं मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचायचं, ही त्यांची किंबर्लीची पद्धत. ती काही प्रमाणात लागू पडे, पण प्रत्येक वेळी पित्तासाठी एक जनावर बळी द्यावं लागे. पुढं मुक्तेश्वरला रोगातून वाचलेल्या गुरांच्या रक्तापासून सीरम बनू लागलं. त्याचा गुण थोडे दिवसच टिके. रोगाचा कारक इतका बारीक आहे की जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही तो पार होतो, हे १९०२ साली इस्तंबूलमध्ये मॉरिस निकोल आणि तुर्की पशुवैद्य आदिल बे यांनी दाखवलं. तेव्हा विषाणू हा शब्दही रुळला नव्हता. सोमलाचा आरोप इथं खरं तर निकालात निघायला हवा होता. पण शोध लागला म्हणून गावातलं बोट लगेच खाली येत नसतं.

यानंतरची गोष्ट बकरीची. मी कवितेच्या गल्लीतला माणूस. बैलावर आपल्याकडे गाणी रग्गड, पोळ्याचा सण त्याचा. बकरीच्या वाट्याला एवढं काही आलं नाही. आणि बैल वाचवला तो बकरीनं. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू एका बकरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा शेकडो वेळा फिरवला. फिरता फिरता तो बकरीच्या अंगाला सरावला आणि गुरांपुरता मवाळ झाला. तो टोचला की आपल्या मैदानी गावठी गुरांना थोडा ताप यायचा आणि त्यांना दीर्घकाळ संरक्षण मिळायचं. संकरित आणि विलायती गुरांना मात्र ही लस फार जड जाई. पण स्वस्त होती आणि बनवायला बकऱ्याच लागत, ज्यांची या देशात वाण नव्हती.

स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, हीच लस घेऊन राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. हिशेब असा की पाच वर्षांत देशातल्या शंभरातल्या ऐंशी गुरांना टोचलं की साथ आपोआप विझेल. जनावरांच्या दवाखान्यातली माणसं बर्फात लस घेऊन पांदीपांदीनं हिंडली. 'ढोर डॉक्टर' हा शब्द आपण थोडा हिणवून वापरतो. तो मला आवडत नाही, निदान या माणसांसाठी तरी नाही. रोग पुष्कळ ओसरला. संपला मात्र नाही, कारण वासरं दरवर्षी नवी जन्मत होती आणि बाजारचे बैल पायी चालत एका राज्यातून दुसऱ्यात जात होते. दक्षिणेत तर तो ठाण मांडून बसला.

१९९२ पासून युरोपच्या मदतीनं नवी मोहीम निघाली, तेव्हा विचार बदलला. देशाचे विभाग पाडले. रोग होता तिथं लस जोरात, आणि जिथं तो दिसेनासा झाला तिथं लस चक्क बंद करून नुसती पाळत ठेवायची. ऐकायला हे वेडेपणाचं वाटतं. पण लस टोचलेल्या आणि रोगातून उठलेल्या जनावराचं रक्त तपासलं तर दोन्हींत सारख्याच खुणा सापडतात. टोचत राहिलात तर रोग गेला हे सिद्धच करता येत नाही. म्हणजे रोग गेल्याचं सांगायचं तर आधी ढाल खाली ठेवायची! चाळीस वर्षं घरोघर टोचत आलेल्या खात्याला हा हुकूम पाळताना काय वाटलं असेल, याची कल्पना करावी. भारतातली शेवटची बुळकांडी १९९५ साली तमिळनाडूत नोंदली गेली. २००६ साली जागतिक संघटनेनं भारत या रोगापासून मुक्त असल्याचं मान्य केलं.

त्या संघटनेचाही या गोष्टीशी धागा आहे. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथं बुळकांडी उसळली. त्या धक्क्यातून १९२४ साली पॅरिसमध्ये जनावरांच्या आरोग्याची जागतिक संघटना जन्मली.

आफ्रिकेचा शेवट लिहिला तो वॉल्टर प्लॉराइट यांनी केनियात तयार केलेल्या लसीनं. ती सगळ्या जातींच्या गुरांना चालत होती. पुढं तिचा एक महिनाभर बर्फाविना टिकणारा प्रकारही निघाला. मग युद्धग्रस्त दक्षिण सुदानात आणि इथिओपियाच्या अफार भागात, जिथं सरकारी डॉक्टर पोहोचत नव्हता, तिथं धनगरी करणाऱ्या लोकांनाच टोचायला शिकवलं. आपल्या गुरांत ती माणसं स्वतःच सुई घेऊन हिंडली. जगातली शेवटची नोंद २००१ साली केनियातल्या मेरू अभयारण्यात, रानरेड्यांत झाली.

विषाणू आता उरला तो काही मोजक्या प्रयोगशाळांत. इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेनं आपल्याकडचे साठे २०१९ साली जाळून टाकले.

बकरीची गोष्ट मात्र संपलेली नाही. १९८७ साली तमिळनाडूतल्या अरसूर या गावी शेळ्यामेंढ्यांत बुळकांडीसारखीच साथ आली. तो बुळकांडीचाच चुलतभाऊ निघाला. त्याला पीपीआर म्हणतात. त्याची मोठी झळ बसते ती ज्यांच्याकडे गाय घ्यायला पैसे नाहीत आणि दोनचार शेळ्यांवर घर चालतं, अशांना. त्यांत एकट्या बायका पुष्कळ. त्या रोगावर भारतात वापरली जाणारी लसही मुक्तेश्वरलाच तयार झाली. २०३० पर्यंत जगातून पीपीआर घालवायचा असं ठरलेलं आहे. आपल्याकडे त्याचं टोचणं चालू आहे. गावात लस आली की शेळ्या घरी थांबवून ठेवाव्या लागतात. त्या दिवशी चरायला नेल्या तर त्या टोचायच्या राहून जातात.