रस्त्याच्या मधोमध गेलेली रेघ

गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका मित्राने माझ्यावर एक काम टाकलं. तो सांगलीचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, शार्लटमध्ये स्थिरावलेला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं हे शहर बँकांचं, त्यामुळे आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचंही. त्याची मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली होती आणि त्याला घर घ्यायचं होतं. "शनिवार-रविवार नुसता लोळत असतोस, त्यापेक्षा एक स्क्रिप्ट लिहून दे," म्हणाला.

इथे सरकारी शाळा साधारणपणे पत्त्यावरून मिळते. प्रत्येक शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते. तुमचं घर ज्या हद्दीत, ती तुमची शाळा. मी घरांच्या किमती, शाळांचं रेटिंग आणि हद्दी एकत्र केल्या, प्रत्येक घराला गुण दिले आणि यादी लावली. एका दुपारचं काम.

यादीत एकाच रस्त्यावरची दोन घरं होती. समोरासमोर, जवळपास सारखीच. एक मात्र बरंच महाग. वहिनींनी विचारलं, "मध्ये काय नदी आहे का?" नदी नव्हती. शाळेची हद्द रस्त्याच्या मधोमध गेली होती.

"मग ही रेघ मारली कुणी?"

"डिस्ट्रिक्टने," मी म्हटलं. उत्तर बरोबर होतं, पण त्यातून कळत काहीच नव्हतं. म्हणून वाचायला लागलो. तेव्हा समजलं की शाळेच्या हद्दींवरून अमेरिकेत जे खटले गाजले, त्यातला एक सगळ्यात मोठा याच शहरातला आहे. आणि तो भारतातून परतलेल्या एका कुटुंबाने लढला होता.

स्वान कुटुंब

१९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'ब्राउन' खटल्यात सांगितलं की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत. निकाल लागला, पण शाळा तशाच राहिल्या. सप्टेंबर १९५७ मध्ये डोरोथी काउंट्स ही १५ वर्षांची काळी मुलगी शार्लटच्या हार्डिंग हायस्कुलात गेली. पोरं तिच्यावर थुंकली, तिला वस्तू फेकून मारल्या. चार दिवसांनी आईवडिलांनी तिला काढून घेतलं.

सात वर्षांनी डॅरियस आणि व्हेरा स्वान हे काळे मिशनरी दांपत्य भारतातली नोकरी संपवून शार्लटला आलं. त्यांचा मुलगा जेम्स सहा वर्षांचा. भारतात तो सगळ्या मुलांबरोबर शिकला होता. रंगाप्रमाणे शाळा असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. घराजवळ सेव्हर्सव्हिल नावाची शाळा होती, तिथे गोरी आणि काळी अशी दोन्ही मुलं होती. बोर्डाने मात्र त्याला फक्त काळ्या मुलांच्या बिडलव्हिल शाळेत घातलं. आईवडिलांनी बोर्डाला पत्र लिहिलं, विनंती केली. बोर्डाने ऐकलं नाही.

जानेवारी १९६५ मध्ये ज्युलियस चेंबर्स या वकिलाने त्यांच्या आणि इतर काही कुटुंबांच्या वतीने दावा दाखल केला. चेंबर्स तेव्हा २८ वर्षांचे होते. म्हणजे माझ्याच वयाचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. १९७१ मध्ये त्यांचं ऑफिस जाळलं गेलं. ते खटला लढत राहिले.

"आम्ही फक्त जवळची शाळा देतो"

बोर्डाचं म्हणणं ऐकायला अगदी रास्त होतं. आम्ही कुणाला रंग विचारत नाही. जवळची शाळा देतो. आता वस्त्याच वेगळ्या असतील तर आम्ही काय करणार?

मी बोर्डाच्या जागी असतो तर मलाही हा युक्तिवाद पटला असता. इनपुट जसं आलं तसं आउटपुट दिलं, कोडमध्ये भेदभाव कुठेच नाही.

पण इनपुट आलं कुठून? शार्लटच्या मायर्स पार्कसारख्या भागात जमिनीच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की इथे फक्त गोरे राहतील. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्या वस्त्या 'जोखमीच्या' म्हणून लाल रंगात दाखवल्या गेल्या, आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणं अवघड झालं. १९६० च्या दशकात शहराच्या मध्यभागातली ब्रुकलिन ही जुनी काळी वस्ती 'पुनर्विकासा'त जमीनदोस्त झाली. सुमारे हजार कुटुंबं उठली. त्यांना जिथे घर मिळू शकत होतं, तिकडे म्हणजे मुख्यतः शहराच्या पश्चिमेला आणि वायव्येला ती गेली. या वस्तीची सेकंड वॉर्ड हायस्कूल ही शाळा १९६९ मध्ये बंद झाली.

१९६८-६९ मध्ये शार्लट-मेक्लेनबर्ग डिस्ट्रिक्टमध्ये १०७ शाळा आणि सुमारे ८४ हजार मुलं होती. शहरात २१ हजार काळी मुलं शिकत होती. त्यांच्यातली सुमारे १४ हजार मुलं अशा शाळांत होती, जिथे ९९ टक्क्यांहून जास्त मुलं काळी होती. 'ब्राउन'च्या निकालाला तेव्हा १५ वर्षं होत आली होती.

खटला पुन्हा उभा राहिला तेव्हा न्यायाधीश होते जेम्स मॅकमिलन, याच राज्यातले गोरे गृहस्थ. सुरुवातीला जवळची शाळा हेच तत्त्व त्यांनाही बरोबर वाटत होतं. पुरावा ऐकल्यावर त्यांनी मत बदललं. त्यांना धमक्या आल्या, ओळखीपाळखीच्या लोकांनी त्यांना टाळायला सुरुवात केली.

२० एप्रिल १९७१ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने मॅकमिलन यांचा आदेश कायम केला. त्या निकालातला एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोर्टाने म्हटलं की माणसं जिथे राहतात तिथे शाळा येते हे खरं, पण शाळा जिथे असते तिथे माणसंही राहायला जातात. शाळा कुठे बांधली, कुठली बंद केली, यावरून शहर कसं वाढणार हे ठरतं. म्हणजे वस्ती हे नुसतं इनपुट नाहीच. शाळेची हद्दसुद्धा वस्ती घडवते.

जोडलेल्या शाळा

नवा नकाशा जॉन फिंगर या शिक्षणतज्ज्ञाने केला. शहरातल्या नऊ काळ्या प्राथमिक शाळा उपनगरांतल्या २४ गोऱ्या शाळांशी जोडल्या. काळी मुलं पहिली ते चौथी उपनगरात बसने जाणार, गोरी मुलं पाचवी-सहावीला शहरात येणार. हिशेब बघा: काळ्या मुलांनी चार वर्षं प्रवास करायचा, गोऱ्यांनी दोन. तोही सगळ्यात लहान वयात काळ्या मुलांनी. न्यायाचा नकाशासुद्धा ओझं सारखं वाटत नव्हता.

गोऱ्या पालकांनी मोर्चे काढले. काही वर्षं सगळंच डळमळीत होतं. पण १९७४ मध्ये श्रीमंत गोऱ्या भागांतली मुलं वेस्ट शार्लट हायस्कुलात जायला लागली. ही १९३८ पासूनची काळ्यांची शाळा, तिथल्या लोकांचा अभिमान. बॉस्टनमध्ये त्याच वर्षी बसवर दगड पडत होते, तेव्हा वेस्ट शार्लटच्या मुलांनी बॉस्टनच्या मुलांना बोलावून घेतलं आणि आमच्याकडे हे कसं चालतं ते दाखवलं.

इथे ते का चाललं? एक कारण अगदी साधं होतं. शार्लट शहर आणि आजूबाजूची मेक्लेनबर्ग काउंटी यांचं शालेय डिस्ट्रिक्ट १९६० मध्येच एक झालं होतं. उपनगरात घर घेऊनही कुणी त्यातून सुटत नव्हतं. डेट्रॉइटमध्ये उपनगरांची डिस्ट्रिक्ट वेगळी होती, आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की त्यांना शहराशी जोडता येणार नाही. तिथे शहराची हद्द ओलांडली की माणूस सुटला.

ऑक्टोबर १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन प्रचाराला शार्लटमध्ये आले आणि बसच्या योजनेवर टीका केली. टाळ्यांची अपेक्षा असावी, पण गर्दी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी इथल्या 'शार्लट ऑब्झर्व्हर'ने अग्रलेखात लिहिलं की अध्यक्षमहाराज, तुम्ही चुकलात.

पुन्हा नवी रेघ

पुढे शहर वाढलं. बाहेरून आलेल्या लोकांना हा इतिहास माहीत नव्हता, लांबचा बसप्रवास मात्र दिसत होता. १९९७ मध्ये मुलीला खास शाळेत जागा मिळाली नाही म्हणून एका गोऱ्या वडिलांनी दावा लावला. १९९९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पॉटर यांनी निकाल दिला की भेदभाव संपला आहे, आता वंशाचा विचार करून मुलं वाटायची नाहीत. हे पॉटर वकील असताना बसच्या योजनेला विरोध करणाऱ्यांत होते. २००२ मध्ये अपिलाचे सगळे दरवाजे बंद झाले आणि नव्या हद्दी लागू झाल्या. त्या एका उन्हाळ्यात सुमारे निम्म्या मुलांची नेमलेली शाळा बदलली.

स्टीफन बिलिंग्ज, डेव्हिड डेमिंग आणि जोना रॉकॉफ या अर्थतज्ज्ञांनी पुढे एक अभ्यास केला. आधी एकाच हद्दीत असलेली, एकाच वस्तीतली मुलं त्यांनी घेतली. नवी रेघ पडल्यामुळे काही इकडच्या शाळेत गेली, काही तिकडच्या. जिथे काळ्या आणि इतर अल्पसंख्य मुलांचं प्रमाण जास्त झालं, तिथे गोऱ्या आणि काळ्या, दोन्ही मुलांचे हायस्कूलचे गुण घसरले. अल्पसंख्य मुलग्यांमध्ये गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण वाढलं. गरीब शाळांना जास्त पैसा दिल्यावर अभ्यासातली दरी कमी झाली, गुन्ह्यांतली नाही. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की नव्या हद्दी आल्यावर मुलंबाळं असलेली गोरी कुटुंबं जास्त गोऱ्या भागांकडे सरकली. वेस्ट शार्लट पुन्हा जवळपास पूर्ण काळी आणि गरीब शाळा झाली.

१९७१ चं कोर्टाचं वाक्य उलट्या बाजूने खरं ठरलं. रेघ हलली आणि तिच्यामागे माणसं हलली.

२०१४ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५० मोठ्या शहरांची तुलना केली. गरीब घरातलं मूल वरच्या थरात पोहोचण्याची शक्यता शार्लटमध्ये सगळ्यात कमी निघाली. तळाच्या पाचव्या हिश्श्यातून वरच्या पाचव्या हिश्श्यात जाणारी मुलं फक्त ४.४ टक्के. याचं कारण एकट्या शाळेच्या हद्दी नाहीत. पण वेगळ्या वस्त्या आणि वेगळ्या शाळा त्या कारणांत येतातच.

माझ्या स्क्रिप्टमधली चूक

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझं कोड पुन्हा उघडलं. त्यात मी गृहीत धरलं होतं की एका घराला एकच प्राथमिक शाळा असते. ज्या पत्त्यांना दोन शाळा येत होत्या, ते मी डेटातली चूक समजून गाळले होते.

ती चूक नव्हती. २०१७ मध्ये डिस्ट्रिक्टने फिंगरची जुनी कल्पना छोट्या प्रमाणात पुन्हा आणली होती. ग्रीअर हाइट्स या जुन्या काळ्या वस्तीतली बिलिंग्जव्हिल शाळा आणि शेजारच्या सुखवस्तू भागातली कॉट्सवोल्ड शाळा जोडल्या. खालचे वर्ग एका शाळेत, वरचे दुसऱ्या. दोन्ही वस्त्यांतली मुलं एकत्र. शहराने एकत्र आणलेली नेमकी तीच घरं माझ्या यादीतून गायब होती.

यावरून मी मित्राला दोष देणार नाही. त्याच्या जागी मीही मुलीचाच विचार केला असता. मला पाचवीत नगरपालिकेच्या शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घातलं, तेव्हा आमच्या घरातही हाच विचार झाला होता. आळीतली बाकीची पोरं मागे राहिली. आमच्याकडे रेघ पत्त्याऐवजी फीच्या पावतीवर होती, इतकंच. आणि आता तीही नकाशावर येते. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी आपल्याकडे पालक ऑनलाइन नकाशावर घराची पिन लावतात आणि शाळेपर्यंतचं अंतर मोजलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. ज्या विनाअनुदानित खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जागा द्यायची गरज नाही, असं ठरवलं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. "जवळच सरकारी शाळा आहे ना" हा तर्क मला शार्लटच्या बोर्डाची आठवण करून देतो.

मी स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि नवी यादी वहिनींना पाठवली. दोन शाळांवाली घरं आता वरच्या दहात होती. त्यांनी एक घर जाऊन पाहिलंही. शेवटी त्यांनी घेतलं ते दुसरीकडे, पहिल्या यादीतलं, रस्त्याच्या महाग बाजूचं.

वास्तुशांतीला गेलो होतो. गॅलरीतून समोरचं घर दिसतं. त्या अंगणात एक लहान मुलगी सायकल चालवत होती, साधारण आमच्या पिल्लूच्याच वयाची. दोघींच्या शाळा वेगळ्या असणार आहेत.