मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर प्रवेश
मनोविकारशास्त्र (एम.डी.) हा तीन वर्षांचा पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी (ता. राहाता) येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकविला जातो. प्रवेश नीट-पीजी परीक्षेतील गुणवत्तेनुसार, केवळ एम.बी.बी.एस. पदवीधरांना मिळतो.

आयुर्वेद व होमिओपॅथी पदवीधरांसाठी अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर प्रवेश परीक्षा असते. त्यांना अनुक्रमे मनोविज्ञान व मानसरोग आणि होमिओपॅथीतील मनोविकारशास्त्र हे विषय घेता येतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार असे पदव्युत्तर पदवीधर ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ ठरतात, ‘मनोविकारतज्ज्ञ’ नव्हेत. त्यामुळे निर्णयक्षम नसलेल्या रुग्णास ३० दिवसांपुढे दाखल ठेवण्यासाठी आवश्यक असणारी दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी त्यांना करता येत नाही.

याउलट अमेरिकेत २०२० पासून ऑस्टिओपॅथी (डी.ओ.) व एम.डी. पदवीधरांच्या निवासी प्रशिक्षणास एकच मान्यताव्यवस्था लागू आहे.